हां म्हणेपर्यंत

बा,

आज रविवार आहे आणि मी दमले आहे. आई बाहेर पायरीवर बसून सुक्या बोंबलांची डोकी मोडते आहे. ठाकुर्लीच्या ह्या खोलीत येऊन आम्हाला बराच काळ झाला, पण पॉवरहाऊसची राख वाळत टाकलेल्या लुगड्यावर पडली की ती अजून कुरकुरते, की आपल्या गावी, कोपरीला, खाडीचा वारा होता, इथं नुसता काळा धूर. तू गेलास तेव्हा मी मॅट्रिकच्या वर्गात होते. पुढे मी बी.ए. झाले. आपल्या घरात माझ्याआधी कोणी शाळेचा उंबरठा ओलांडला नव्हता, त्यामुळे निकाल लागला त्या दिवशी आईला नक्की काय झालं ते कळेना. तिनं विचारलं, "म्हंजे आता संपला का सगला शिकून?" मी हो म्हटलं. आता मी कल्याणच्या मुलींच्या शाळेत सातवीला शिकवते. सातवीला फायनलची परीक्षा असते. ती पास झाली की मुलगी पुढे शिकू शकते, मास्तरीण होऊ शकते. गेले काही महिने त्या परीक्षेपायी एका मुलीला मी वाचायला शिकवते आहे, आणि त्यात तू सारखा मध्ये येतोस, म्हणून लिहायला बसले.

श्रावणात आपल्या ओटीवर पोथी लागायची. लावणी उरकलेली, मिठागरं पाण्याखाली, दिवसभर शेतात वाकून बेणणी करून, तण उपटून आलेली माणसं संध्याकाळी आपल्याकडे येऊन बसायची. मी पाटावर बसले आहे, समोर चौरंगावर पोथी, डोक्यावर कंदील, शेजारी तू. मी ओवी वाचायची आणि तू तिचा अर्थ सांगायचा. तुला अक्षर येत नव्हतं. अर्थ तू तुझ्या बापाकडून ऐकत आला होतास, आणि जिथे तो आठवत नसे तिथे स्वतःचा घालत होतास, हे मला तेव्हाही कळायचं. ओवी संपली की तू हात वर करतोस, म्हणतोस, "थांब." मग अर्थ सांगतोस. मग बसलेल्यांच्या तोंडांवरून एकदा नजर फिरवतोस, कोणाचं तोंड कोरं दिसलं तर पुन्हा सांगतोस, आणि मग माझ्याकडे न बघता म्हणतोस, "हां." त्या "हां" शिवाय पुढची ओवी वाचायची नाही.

मला ते थांबणं सोसत नसे. तू बोलत असताना माझे डोळे पुढच्या पानावर पोचलेले असायचे. एकदा तू म्हणालास, "तीच परत वाच," आणि मला ती ओवी सापडेना. मी पान मागे करते, पुढे करते, आणि ओटीवर हशा पिकतो. "तुजी पोर फास्ट गारी हाय रे, मधल्या टेसनावर थांबत नाय," असं कोणीतरी म्हणालं. तू हसला नाहीस. सगळ्यांसमोर म्हणालास, "तू वाचत नायस, पलतंस." दुसऱ्या दिवशी तू मिठागराच्या कचेरीतून एक मोडकी लाकडी फूटपट्टी मागून आणलीस आणि माझ्या हातात ठेवलीस. "पुढची ओवी हिच्याखाली झाक." तुझ्या हातून मला मिळालेली ती एकुलती एक वस्तू, जी खाण्याची किंवा अंगावर घालण्याची नव्हती. मला ती शिक्षाच वाटली. मी दोन संध्याकाळी तुझ्याशी बोलले नाही.

त्याच श्रावणातली एक ओवी होती, मीठ पाण्यात विरघळावं तसं आपण देवात विरघळून जावं, अशा अर्थाची. तू हात वर केलास, "थांब." सगळे वाट बघत होते. तू म्हणालास, "ह्या लिवनाऱ्यानं कई मीठ पिकवला नसंल." ओटी हसून हसून आडवी झाली. मग तू सांगितलंस, की ज्यानं हंगामभर मीठ ओढलंय त्याला मीठ विरघळणं म्हणजे काय ते माहीत आहे. अवकाळी पाऊस आला की पांढऱ्या राशी डोळ्यांदेखत विरघळून खाली बसतात, आणि माणूस बांधावर उभा राहून बघत असतो. देव मागतो ते असं काहीतरी मागतो, साधं मागत नाही. मग तू "हां" म्हणालास. पुढे कॉलेजात मी किती पुस्तकं वाचली असतील. वाचनालयाची मुदत असायची, शिकवण्या असायच्या, परीक्षा असायच्या, म्हणून पानांवरून धावत गेले आणि पासही झाले. त्यातली पुष्कळशी पुसून गेली. ती ओवी मात्र तशीच आहे.

म्हणून मी मनाशी एक समज करून घेतला होता. बानं मला सावकाश वाचायला सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही. आता माझ्या मुली तरी पळणार नाहीत. शाळेत रुजू झाले त्या दिवसापासून फळ्याच्या कोपऱ्यात रोज खडूनं लिहायचे, "सावकाश वाचा, समजून वाचा." मुलींना पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापायला लावल्या. बोट ठेवा, शब्द शब्द घ्या, घाई नको. इतर वर्गांचं पुस्तक संपायला यायचं तेव्हा आम्ही अर्ध्यात असायचो. आमच्या मोठ्या बाई, म्हणजे हेडमिस्ट्रेस, मला एकदा म्हणाल्या, "बाई, तुमच्या मनात चांगलं आहे, ते मला दिसतं. पण पेपर वाचूनच संपला नाही, तर उत्तरं कोण लिहिणार?" मी मान डोलावली आणि वर्गात येऊन पुन्हा तेच लिहिलं. मला वाटायचं त्यांना समजत नाही. मी तरुण आहे बा, आणि तत्त्वं धरून बसायची मला हौस आहे.

माझ्या वर्गात ठाकुर्लीची एक मुलगी आहे. बाप पॉवरहाऊसात कोळशावर काम करतो, साताऱ्याकडचा. ती इतकी सावकाश वाचते की वर्गानं तिचं नाव "मालगाडी" ठेवलंय. ती वाचायला उभी राहिली की मागून कुजबुज येते, "सिग्नल मिळाला का गं?" मी कुजबुजणाऱ्यांना उभं करायचे आणि मनातून त्या मुलीचं कौतुक करायचे. मला वाटायचं, माझं खरं ऐकणारी ही एकच. दिवाळीनंतर तिचा बाप शाळेत आला. टोपी हातात घेऊन दाराशीच उभा राहिला. म्हणाला, "बाई, माझी म्हातारी आई रोज पोरीच्या लग्नाचं काढतीया. स्थळ बी बघून ठेवलंय. पोरगी फायनल पास झाली तर म्हातारीला मी सांगीन, पोरगी मास्तरीण हुणार, गप बस. नापास झाली तर मला घरात तोंड न्हाई." मुलगी चौदा वर्षांची आहे. त्याच आठवड्यात मोठ्या बाईंनी सांगितलं, की ह्या मुलीला यंदा परीक्षेला बसवायचं की नाही ते त्या स्वतः तिचं वाचन घेऊन ठरवतील.

मी घाबरले नाही. मला माझी खात्री होती. मी वर्गात एक नवा धडा वाचायला दिला, एका नावाड्याचा, आणि पुस्तकं मिटायला लावून प्रश्न विचारले. सगळ्यांत आधी वाचून झालेली जी मुलगी, जिला वर्ग "मेल" म्हणतो, तिनं सगळं सांगितलं. नावाडी पैसे का घेत नव्हता, म्हातारी कशाला रडली, शिडाला ठिगळ कुठल्या रंगाचं होतं तेसुद्धा. मग मी मालगाडीला विचारलं. मला तिच्या तोंडून काहीतरी खोल यायला हवं होतं. ती उभी राहिली, पदराचं टोक पिळत म्हणाली, "नावाडी होता, बाई." मी म्हटलं, आणखी? "आणखी नाही आठवत." मधल्या सुट्टीत मी तिला जवळ बसवून वाचायला लावलं आणि पहिल्यांदा नीट ऐकलं. ती अक्षर अक्षर उचलत होती. वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात तिच्या हातून गळून गेलेली असायची. तिला मी जूनपासून मनोमन शाबासकी देत आले होते.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी आईपाशी बसले. म्हटलं, बानं मला सावकाश वाचायला शिकवलं, मी मुलींना तेच शिकवते, आणि बघ काय झालं. आई तांदूळ पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"तो कई बोलला तुला हल्लू वाच?"

"नेहमीच म्हणायचा."

"कवाच नाय. तो थांब बोलाचा." मग तिला हसू यायला लागलं. "हल्लू वाचली असतीस तं तोच पयला पेंगला असता! तुज्या आदी तो पलीकडचा आजा वाचाचा ना, एकेक अक्षर चावून. अर्दी ओवी होवाच्या आदी सगली मानसां झोपाची. तुजा बापूस भिंतीला टेकून घोराचा, आनि अर्थ कोन सांगनार? मंग तोच बोलला, माजी पोर बसवा, ती भरभर वाचते. बायामानसांत कोनी पोथी वाचत नव्हता तवा. गावात बोलनी खाल्ली त्यानं तुज्यासाटी."

"मग मला पळतेस का म्हणाला?"

"ओवी संपल्यावर पलाचीस, म्हनून."

ती परत सूप उचलून पाखडायला लागली. मी ट्रंकेतून ती फूटपट्टी काढून बघत बसले. पुढची ओवी हिच्याखाली झाक, असं तू म्हणाला होतास. चालू ओवीबद्दल तू काही बोललाच नव्हतास. मी भरभर वाचते म्हणून तू मला त्या पाटावर बसवलंस, आणि त्यासाठी लोकांचं ऐकून घेतलंस, आणि इतकी वर्षं मी समजत होते की भरभर वाचते म्हणून तू माझ्यावर रागावला होतास. तुझ्या नावानं मी मुलींना जे शिकवत होते ते तुझं नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी फळ्यावरचं "सावकाश" पुसलं. "समजून" तेवढं ठेवलं होतं, पण एकटं ते बरं दिसेना, म्हणून तेही पुसलं. त्या मुलीला मी रोज शाळा सुटल्यावर आमच्या खोलीवर आणायला लागले. आधी मी एक वाक्य बोलल्यासारखं, एका दमात वाचायचं, मग तिनं तसंच, बोट न ठेवता. चुकलं तर चुकू दे, पण वाक्य पुरं कर. पूर्णविराम आला की थांब. काय झालं ते मला सांग. मग मी "हां" म्हणणार, मग पुढचं. पहिले पंधरा दिवस ती रडली. मीही एकदा चिडून पुस्तक आपटलं, तेव्हा आई बाहेरून म्हणाली, "अगं, पोर हाय ती, मिठाची गोन नाय." हळूहळू वाक्यं जुळायला लागली. मेलसारखी ती कधी वाचणार नाही. मेलला तसं वाचून सगळं कळतं, तिचं तिला लखलाभ. वेगानं समज कमी होते की वाढते, हे मला आता कोणी विचारलं तर मी सांगू शकणार नाही. पूर्वी लगेच सांगितलं असतं.

काल मोठ्या बाईंनी तिचं वाचन घेतलं. टेबलावर गजराचं घड्याळ ठेवलं होतं. मी खिडकीपाशी उभी. मुलीनं पहिलं वाक्य एका दमात वाचलं, चांगलं वाचलं, आणि थांबली. मोठ्या बाई घड्याळाकडे बघतात, म्हणतात, "पुढे?" मुलगी त्यांच्याकडे बघत नाही, माझ्याकडे बघते. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हां." ती पुढे सुटली. प्रत्येक वाक्याला असंच. मोठ्या बाईंनी माझ्याकडे दोनदा रोखून पाहिलं. शेवटी त्यांनी पुस्तक मिटून तिला विचारलं काय वाचलंस, आणि तिनं सांगितलं. सगळं नाही, पण एकामागून एक, न अडखळता. "बसवा परीक्षेला," मोठ्या बाई म्हणाल्या. "पण बाई, तिथे हे तुमचं हां हां कोण करणार?" बाहेर आल्यावर मुलगी हसत म्हणाली, "बाई, तुम्ही सिग्नल दिलात म्हणून गाडी सुटली." तिचं हसणं बघून मला बरं वाटलं, पण मोठ्या बाईंचं बरोबर आहे. मी तिला म्हटलं, परीक्षेत मनातल्या मनात स्वतःच म्हणायचं. तिनं मान हलवली, पण म्हणाली, "मी म्हटलं तर ते खरं कसं धरायचं?" परीक्षेला आता फार दिवस नाहीत, आणि तेवढ्यात मला हे तिला शिकवायचं आहे. कसं, ते मला माहीत नाही. माझं मलाच अजून जमत नाही.

आई आत येऊन विचारून गेली, काय एवढं लिहितेस. मी म्हटलं, शाळेचं. तुला लिहिते आहे असं सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, त्याला कोन वाचून दावनार? खरंच आहे. तू असतास तरी हे पोस्टात टाकून उपयोग नव्हता. तुला पत्र आलं असतं तर ते तुझ्यापुढे बसून मलाच वाचावं लागलं असतं, आणि तू जागोजाग हात वर केला असतास. म्हणून ही पानं पोथीबरोबर ट्रंकेत ठेवून देते. एक तेवढं सांगते. लिहिताना प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी मी पेन उचलून थोडी थांबत होते. कोणी "हां" म्हणालं नाही, बा. तरी मी पुढे लिहीत गेले.