काय म्हणतंय तुझं लिंबू

बाबा, कागदी लिंबाचं रोप दिसलं की मी अजूनही त्याचं एखादं पान उन्हाकडे धरून बघतो. बायको म्हणते, नोकरी सुटली तरी खोड काही सुटत नाही.

आपण आखातात होतो, सौदीला जाणारा पूल अजून व्हायचा होता तेव्हाची गोष्ट. तुम्ही जनाबियात एका अरबाबच्या, म्हणजे मालकाच्या, बागेत माळी, मी रोपांच्या लॅबमध्ये मदतनीस, आणि राहायला दोघं गुदैबियाच्या एका खोलीत. एकदा रजेवरून येताना तुम्ही मामाच्या बागेतल्या मोसंबीच्या काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून जेवणाच्या डब्यातून आणल्यात आणि अरबाबच्या काही नारिंगांवर त्यांचे डोळे भरून कलमं केलीत. "रिकाम्या हातानं कसा येऊ?" म्हणालात. दोन-तीन वर्षं सगळ्यांनी मोसंबी खाल्ली. मग तीच झाडं शेंड्याकडून वाळायला लागली.

अरबाब म्हणाला, पाणी खारं आहे. तुम्हीही तेच म्हणालात. मला मात्र चैन पडेना; मला विषाणूचा संशय होता. विषाणू काही दिसत नाही. पण आजारी झाडाचा डोळा कागदी लिंबाच्या रोपावर भरला, तर लिंबू चुगली करतं. त्याच्या नव्या पानांच्या शिरा पारदर्शक होतात. आमच्या साहेबांनी भरलेले डोळे वाळून जायचे, माझेही. म्हणून एका शुक्रवारी मी तुम्हालाच रोपांपाशी बसवलं. तुम्ही सालीला चीर दिलीत, डोळा अलगद आत सरकवलात आणि माझी गाठ सोडून पुन्हा बांधलीत. "आवळू नको एवढा, जीव गुदमरेल त्याचा." तुमचे सगळे डोळे जगले. आपल्याच झाडांविरुद्धचा पुरावा तुम्ही इतक्या मायेनं बांधत होतात, हे तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं.

दीड महिन्यानं एका सकाळी मी पान उन्हाकडे धरलं. शिरा तुटक तुटक, काचेसारख्या. तुमचा चाकू ज्या नारिंगांना लागलाच नव्हता, त्यांचे डोळे भरलेली रोपं मात्र ठणठणीत होती. म्हणजे रोग डब्यातून आला होता.

संध्याकाळी तुम्ही विचारलंत, "काय म्हणतंय तुझं लिंबू?"

खरं सांगितलं असतं तर तुम्ही स्वतःच अरबाबला जाऊन सांगितलं असतंत, आणि व्हिसा गेला असता. "पाण्याचंच आहे," मी म्हणालो.

"मग झाडं खलास," तुम्ही म्हणालात.

रजिस्टरमध्ये मी लिहिलं, विषाणू आहे, कुठून आला माहीत नाही. पुढच्या रजेवरून तुम्ही डबा रिकामा आणलात. का, ते मी विचारलं नाही.

खोटं बोललो याचं वाईट वाटतंच. पण हे पत्र फाडण्याआधी कबूल करायचंय ते वेगळंच. त्या सकाळी शिरा दिसल्या तेव्हा माझा संशय खरा ठरला म्हणून मला फार आनंद झाला होता. तुमची आठवण त्यानंतर झाली.