बानाबाईच्या डोक्यावरचे घमेले

मी, साळूबाई पुंजाराम औताडे, वय एकसष्ट, सरकारी खात्यातून निवृत्त छायाचित्रकार, राहणार पदमपुरा, औरंगाबाद, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. (कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी माझे 'सॅली' केले होते. ते नाव मी शाळेच्या फाटकातच ठेवून आले.) डोके ठिकाणावर आहे. धाक घालायला माझा धाकटा भाऊ रामकिसन गेल्या आठवड्यात येऊन गेला, पण तो लागू पडला नाही.

१. पदमपुऱ्यातले दोन खोल्यांचे घर रामकिसनच्या बायकोला, वच्छलाबाईला, एकटीला. रामकिसनला तिथे यायचे असेल तर त्याने बाहेर चपला काढून तिला विचारावे. तीस वर्षे ती त्याला विचारत आली आहे.

२. कॅमेरा औरंगपुऱ्यातल्या स्टुडिओवाल्या फकिराला. तो माझ्यापेक्षा वाईट फोटो काढतो, पण खोटे काढत नाही.

३. दगडी पाटी रामकिसनला. कारण लिहिते.

१९७४ साली देवगाव रंगारीच्या रस्त्यावर पुलाचे काम होते. कंत्राटदार रामकिसन. नियम असा की प्रत्येक खांबात काँक्रीट ओतताना फोटो हवा, आणि फोटोत खांबाचा क्रमांक व तारीख लिहिलेली पाटी हवी. तिसऱ्या खांबाचा फोटो मी काढला. रामकिसनने शर्टाच्या बाहीने पाटी पुसली.

"अक्का, आता चार लिही. तारीख पंधरा टाक."

"चौथा अजून ओतला कुठे?"

"ओतणारच आहे की. तुला पुन्हा कशाला उन्हात आणू? आणि तुझं अक्षर कसं, छापल्यावानी!"

अक्षराच्या कौतुकाला मी भुलले. लिहिले. फोटो काढला.

चौथा खांब कसला ओतला होता ते पहिल्या पुरात दिसले. वाळूचा किल्ला बरा. चौकशीत रामकिसनने मी काढलेला तो फोटो पुढे केला आणि सांगितले: मी हजर होतो तेव्हा माल असा घट्ट होता, माझ्या माघारी मिस्त्रीने सिमेंट विकले. मिस्त्री म्हणजे पाचोडचा कडूबा. त्याने कोणाचा खिळासुद्धा घेतला नव्हता.

मला विचारले, "फोटो तुम्हीच काढला?" हो. "पाटीवरचे अक्षर तुमचेच?" हो. दोन्ही उत्तरे खरी. खोटे बोलू नये ही सिस्टरांची शिकवण मी अशी पाळली. मला रामकिसनची शिसारी येते, पण त्या दोन 'हों'ची त्याहून जास्त येते.

कडूबाचे काम गेले. पाचोडच्या बाजारात त्याला अजून 'सिमेंट्या' म्हणतात.

४. ~~निगेटिव्हची पट्टी माझ्या मृत्यूनंतर कडूबाला द्यावी.~~ (खोडले. पुढे पाहा.)

ही पट्टी मी कधी कापली नाही. अकरावा आणि बारावा फोटो एकाला एक लागून आहेत. पाटीवर एकात चार मार्च, दुसऱ्यात पंधरा मार्च. आणि दोन्हींत मजूर बानाबाई शिडीच्या त्याच पायरीवर, डोक्यावर तेच भरलेले घमेले. पाटी पुसून होईपर्यंत रामकिसनने तिला "हालू नको" म्हणून दटावले होते. अकरा दिवस ती तशीच उभी होती काय? चौकशीतल्या एकाही शहाण्याने हे विचारले नाही. तिला तर कोणी बोलावलेच नाही.

म्हणून आज साक्षीला मी तिलाच बोलावले आणि सगळी कलमे वाचून दाखवली. मानेवर हात ठेवून ऐकत होती.

"बाई, कडूबाला दम्यानं धरलंय. त्यो तुमच्या आधी गेला तर?"

"तर त्याच्या मुलीला देतील."

"मेलेल्याला फोटू दावता व्हय? पंचवीस वर्सं पेटीत ठिवला, आता सोताच्या मरणाची वाट बघायलात! लई शिकलेल्या तुमी, पण भित्र्याच."

कलम चार त्यानंतर खोडले आहे. उद्या पाचोडचा बाजार. सकाळच्या एसटीने आम्ही दोघी जाऊ. पट्टी कडूबाच्या हातात देईन, फोटो लोकांना दाखवीन आणि तिथे उभी राहून सांगेन: अक्षर माझे, तारीख खोटी. बाकीची कलमे माझ्या मरणापर्यंत थांबतील.

ठिकाण: औरंगाबाद
दिनांक: २० नोव्हेंबर १९९९
सही: साळूबाई पुंजाराम औताडे

आमच्या दोघींसमोर सही झाली.
साक्षीदार १: दगडाबाई, शेजारीण (सही)
साक्षीदार २: बानाबाई, मजूर (अंगठा)

ठसा थोडा फिसकटला आहे. मी म्हटले, "बानाबाई, हालू नका." ती म्हणाली, "आता किती येळ, बाई?"