अवसेला न चालणारा प्रोग्रॅम

नाना,

तुमच्यासाठी लिहिलेला कांद्याचा प्रोग्रॅम विंचूरच्या पेढीवर अजून चालतो. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप केली की कुठल्या ट्रॅक्टरचा माल कुठल्या ट्रकात भरला त्याची चिठ्ठी निघते, एवढंच त्याचं काम. पण मधेच थांबून तो "चहा झाला का?" विचारतो, आणि अवसेला तर चालायचाच नाही. नाशिकच्या आमच्या ऑफिसात आलेल्या नव्या मुलीकडे यातली कुठली सोय कुठून आली हे शोधायचं काम दिलंय. कारण सापडणार नाही ती सोय उडवायची, असं साहेबांचं फर्मान.

तिला मी काय सांगणार होतो? तुम्ही व्यापाऱ्याकडे मुनीम, मी कॉलेजात शिकून आलेला शहाणा. पहिल्याच दिवशी तुम्ही विचारता, "आवसंला मार्केट बंद, हमाल बंद, मंग तुझं यंत्रच का राबंल?" मी हसतो, आणि मग कितीतरी दिवस तिथीचं गणित घालत बसतो. ते नेमकं एका दिवसानं चुकतं. भर बाजाराची सकाळ, बाहेर ट्रॅक्टरची रांग, आणि पडद्यावर 'आज अमावास्या'. शेठ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवायला लागले, तर तुम्ही गादीवरून न हलता म्हणालात, "शेठ, छापणाराच चुकला आसंल. माझ्या पोराचं गणित चुकायचं नाय." शेठ कॅलेंडर उतरवून निरखायला लागले. मग तुम्हीच हळूच माझ्या कानाशी येऊन म्हणालात, "कायतरी कर रे भाऊ लवकर, लय फजिती व्हईल." त्या घाईत जबरदस्तीची सोय जन्माला आली: ओळीच्या शेवटी झेड टाकला की प्रोग्रॅम अवस विसरतो.

"मशीनलाबी दम खाऊ दे" म्हणून तुम्ही घालायला लावलेला चहा मी वाचवला. प्रिंटर तापतो, असं मुलीला ठोकून दिलं आणि तिला ते पटलं. पण अवसेचं कारण विचारल्यावर मी "बघून सांगतो" म्हणालो. तुम्ही माझ्यासाठी भरल्या पेढीत बिनदिक्कत खोटं बोललात, मला तुमच्यासाठी एक थाप सुचू नये!

आज अवस. मुलीनं सकाळीच अवसेची सोय काढली आणि प्रोग्रॅम निमूट चालला. सगळे खूश झाले. मला तुमची फार आठवण आली, म्हणून पोट दुखतंय असं साहेबांना सांगून दुपारीच घरी येऊन हे लिहायला बसलो. पोस्टात टाकायचा प्रश्नच नाही; तुम्ही गेलात तिथं टपाल जात नाही.

पोट काही दुखत नव्हतं, नाना.