तोहिदच्या डोक्याची परीक्षा

ती. गणपतमामांना अवंतिकाचा वाकून नमस्कार.

‘अवंते, तुला प्रश्न लई पडत्यात, एखाद्यानं खरं उत्तर दिलं तर काय करशील?’ असं तुम्ही मला एकदा स्टेडियमच्या पायरीवर म्हणाला होतात. तेव्हा मी नऊ वर्षांची होते. (डोकं धरून बसलेल्या खेळाडूला बाहेर का घेत नाहीत, एवढंच मी विचारलं होतं.) तुमचा गुडघा कसा आहे? पन्हाळ्याच्या धुक्यात मामींचा दमा वाढला नाही ना? इकडे सगळे खुशाल आहेत, एक डोकं सोडून. फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तुम्ही फक्त बोलता.

डोकं आमच्या वरच्या मजल्यावरच्या हाफिजाभाभींच्या तोहिदचं, म्हणजे आपल्या तालमीच्या फुटबॉल संघातल्या नऊ नंबरचं. सेमीफायनलला तो हेडरसाठी उडाला आणि गोलकीपरचं कोपर त्याच्या कानशिलावर बसलं, हे तुमच्या कानावर आलंच असेल. डॉक्टर म्हणाले, मेंदूला हादरा बसलाय. तीन आठवडे खेळ नाही, मोबाइल नाही, उजेड नाही. त्याआधी पुन्हा मार बसला तर जिवावर बेतू शकतं. फायनल या रविवारी आहे. खेळाडूंची यादी शनिवारी अध्यक्षांच्या, म्हणजे तुमच्या सहीनं जाणार. तिच्यात तोहिद असणार की नाही, यापलीकडे पेठेत विषय नाही.

मला नवल वाटतं ते लोकांचं. पाय मोडला असता तर सगळ्यांना लगेच कळलं असतं. प्लास्टरवर सह्या करून मंडळी घरी गेली असती. पण इथे टाका नाही, पट्टी नाही, रक्ताचा थेंब नाही. तानाबाई (कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या, मॅचच्या दिवशी गाडा बंद) रोज जिन्यात उभ्या राहून हाफिजाभाभींना विचारतात, ‘व्हय गं, पण लागलंय कुठं?’ प्रेम मात्र उतू चाललंय. आवाज नको म्हटल्यावर आपल्या पोरांनी, ज्यांच्या गाड्यांना सायलेन्सर कसा तो नसतो, परवा चाळीस मोटारसायकली इंजिन बंद करून आमच्या दारावरून ढकलत नेल्या. एकजण कुजबुजत घोषणा देत होता आणि बाकीचे कुजबुजतच साथ देत होते. रश्श्याच्या अकरा किटल्या आल्या. मेंदूला तांबडा चांगला की पांढरा, यावर खाली भांडण जुंपलं, तेही हळू आवाजात. दात ओठ खाऊन हळू बोलणारी माणसं मी पहिल्यांदाच पाहिली.

शेवटी राजवर्धननं, म्हणजे तुमच्या सेक्रेटरीनं, ठरवलं की डोक्याची परीक्षा घ्यायची. जखम दिसत नाही, तर निदान आठवण तरी तपासू. काल दुपारी पाच-सहा जण चपला हातात घेऊन वर गेले. मीही गेले (प्रश्नाचा वास आला की मला घरात बसवत नाही, हे तुम्ही जाणताच). तोहिद पडदे लावलेल्या खोलीत पडला होता. राजवर्धननं त्याला स्वतःचं नाव विचारलं, आईचं विचारलं, रंकाळा तलाव कुठल्या बाजूला ते विचारलं, सगळं बरोबर. मग घसा साफ करून म्हणाला, ‘अकरा वर्षांमागची फायनल. काय झालं?’

तोहिद म्हणाला, ‘दोन-एकनं हरलो की.’

मामा, डॉक्टरांचं ऐकून कुणाच्या हातून काही पडलं नव्हतं, इथे राजवर्धनच्या हातातल्या चपला पडल्या. त्या वर्षापुढे तालमीच्या भिंतीवर तुम्ही ‘विजेते’ असं रंगवून घेतलंय. पलीकडच्या पेठेचा दुसरा गोल ऑफसाइड होता, म्हणून तो आपण आजवर धरलेला नाही, आणि बरोबरीत सुटलेल्या मॅचमध्ये जास्त चांगलं कोण खेळलं हे उघडच आहे. आपल्याकडे बालवाडीतलं पोरही ‘जिंकलो’ म्हणतं. तानाबाईंनी पदर तोंडाला लावला. ‘लेकरू पार कामातनं गेलं की!’ राजवर्धननं वाकून तोहिदच्या पायाला हात लावला आणि म्हणाला, ‘झोप राजा. फायनल पुन्यांदा येईल.’ संध्याकाळपर्यंत पेठेला पटलं की पोराला खरंच लागलंय. जे डॉक्टरांना आठ दिवसांत जमलं नाही, ते एका खऱ्या वाक्यानं केलं.

तेव्हा काळजी नसावी. मामींना नमस्कार.

आपली,
अवंतिका

ता. क. काळजी असावी. आज सकाळी तोहिद भिंत धरत खाली आला. म्हणाला, ‘ताई, मामांना लिवा, माझं चुकलं. आपण जिंकलो हुतो. आता डोकं झ्याक हाय, रविवारी खेळतो.’ त्याचा निरोप पोहोचवायचा, म्हणून पत्र पुन्हा उघडलं. पोहोचवला.

ता. क. २ तूच लिही की, असं मी त्याला म्हटलं आणि कागद दिला. ‘ती. मामांना’ एवढं लिहून त्यानं पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, अक्षरं हलत्यात. पहिलीत मीच त्याला पाटीवर अक्षरं गिरवायला शिकवली होती. तेव्हा ती हलत नव्हती. हे त्यानं आईला सांगितलेलं नाही, मला शपथ घातलीय. ती मी मोडतेय. परीक्षेची गोष्टही पेठेत फार टिकायची नाही. तो ‘जिंकलो’ म्हणाला की सगळे आनंदानं त्याला खांद्यावर घेतील. तर मामा, शनिवारी त्याचं नाव तुमच्या हातानं खोडा आणि पन्हाळ्यावरून खाली येऊन त्याला तोंडावर सांगा की मीच खोडलं. आईवर तो रागावेल, माझ्यावर रागावेल. तुमच्यावर रागवायची त्याची छाती नाही. त्याच्याशिवाय फायनल जाईल, हे मला कळतं. तुम्ही ‘न्हाय’ म्हणणार, हेही कळतं. तरी मागते. खोडा.