फडक्यातले काजूगर

आये,

आज दुपारी इथल्या साप्ताहिकात एका बाईवर लिहिलेलं वाचलं. काजूच्या कारखान्यात तुझ्या शेजारच्या पाटावर बसायची, ती ही. आता ग्रामपंचायतीत निवडून आलीय, म्हणून वार्ताहराने अर्धं पान दिलंय. फोटोत तिचे हात मांडीवर आहेत, त्यांवरचे काळे डाग अजून दिसतात. वार्ताहर त्यांना कष्टाची खूण म्हणतो. काजूच्या चिकाने कातडी कशी सोलवटते ते त्याने विचारलेलं नाही. ‘हसतमुखाने काम केले’ असं मात्र दोनदा लिहिलंय. शेवटी तेवढं तिला तिच्या शब्दांत बोलू दिलंय. “झडतीत फडक्यात बांधलेले गर सापडले. ते माझे होते. घोव दर्यात बुडून महिना झाला नव्हता, पोर अंगावर पीत होतं. मुकादमाने विचारलं, कोणाचे? माझ्या शेजारची बाई बोलताना अडखळायची. त्या दिवशी एका दमात म्हणाली, माझे आसत.”

नाव दिलेलं नाही. मी पाच वेळा वाचलं. अडखळणारी दुसरी कोण होती गो तिथे?

मी तेव्हा अकरा वर्षांची. मुकादमाच्या मुलीने भर वर्गात सांगितलं. मी धावत घरी येते, तू चुलीपुढे पेज ढवळते आहेस. “आये, तू चोरलंस?” तू वर न बघता म्हणतेस, “व्हय गो. ज-जेव आदी.” मी वाडगा सारते. “चोरट्या हातचा माका नको.” तू तो उचलून ठेवतेस, एवढंच.

कारखान्यातून तुला काढलं, मग तू खाडीवर काथ्यासाठी नारळाची सोडणं बडवायला जाऊ लागलीस, आणि चार वर्षांनी तापाने गेलीस. तोवर एक शब्द नाही. निदान मला का नाही सांगितलंस, म्हणून दुपारभर तुझ्यावर चिडले. पण माझ्या तोंडात तीळ भिजत नव्हता. दुसऱ्या दिवशी मी शाळेत बोलले असते, आणि तिचं काम गेलं असतं.

त्या अडखळणाऱ्या बाईच्या घरचं कोणी असेल तर भेटावं, असं तिने म्हटलंय. कट्टा गावात राहते, एसटीने पाऊण तास. तिला कार्ड लिहायला बसले, ते कोरंच राहिलं. ती माझ्यापुढे हात जोडील, आये, आणि तुला चोरटी म्हणाले होते हे मला तिला सांगवणार नाही.