शेवटच्या नंबरची अंगणवाडी

आई, आज लेक मोबाइल नाचवत आली, "मम्मा, ये वाली नर्सरी टॉप टेन में है," म्हणाली आणि माझं डोकंच फिरलं. तिच्या अडीच वर्षांच्या पोराच्या शाळेला कसला आलाय नंबर! उगाच ओरडले तिच्यावर. तिला काय माहीत, तिची आजी अशाच एका यादीत शेवटची आली होती.

बाबा एअरफोर्समधून रिटायर झाले आणि आपण तिथेच, उत्तरेतल्या बख्शी का तालाब गावात राहिलो. पंचायतघराच्या एका खोलीत तू अंगणवाडी चालवायचीस. माझं ऐकून गावातली पोरंही तुला आईच म्हणायची. मग हायवेच्या कडेला एक इंग्लिश मीडियम नर्सरी निघाली. निम्मी पोरं टाय लावून तिकडे जायला लागली, पण नावं मात्र तुझ्याच रजिस्टरवर, कारण सरकारी पोषण आहाराची, गोड पंजीरीची पाकिटं मिळायची. सगळीकडे हेच चालायचं. तपासणी आली की शेजारच्या गावातली पोरं उसनी आणून बसवायची, त्यांच्याकडून दुसऱ्यांची नावं घोकून घ्यायची. आणि तू? लाल पेन घेऊन बसलीस नि न येणाऱ्यांची नावं सरळ काटलीस. चाळीसची बावीस झाली. सुपरवायझर बाईंनी कपाळाला हात लावला. "दीदी, काटने की क्या ज़रूरत थी?"

"जो आता नहीं, उसको हाज़िर कैसे लिखूँ?" तू म्हणालीस. बस, एवढंच.

महिन्याभरात ब्लॉक ऑफिसच्या भिंतीवर यादी लागली. पटसंख्येवरून नंबर! पहिली आली ती अंगणवाडी, जिच्या दाराचं कुलूप मी भर दुपारी डोळ्यांनी पाहिलं होतं. तू शेवटची. तुझी पोरं खरी होती, रोज येत होती, खिचडी खाऊन तिथेच झोपत होती. ते कुणी मोजलं? लाज कशी नाही वाटली गं त्यांना! संख्या कमी म्हणून तुझं केंद्र हायवेपलीकडच्या केंद्रात विलीन केलं. एवढुशी पोरं ट्रकांमधून रस्ता कशी ओलांडणार? बावीसपैकी पाच यायला लागली, तीही कुणी सोडलं तर. बाकीची घरीच बसली. अजून आठवलं की अंगाची आग होते.

यादी लागली त्या संध्याकाळी तू पोळ्या लाटता लाटता विचारलंस, "यादी कुणी केली गं?" मी तेव्हा त्याच ब्लॉक ऑफिसात कंत्राटावर कॉम्प्युटरला बसत होते. म्हणाले, "वरून आली." तू मान हलवलीस आणि पुढची पोळी लाटायला घेतलीस.

तू गेलीस, आता हे पत्र कुठे टाकायचं, मला माहीत नाही. टाकणारही नाही. पण लिहून तरी ठेवते. वरून काही आलं नव्हतं, आई. आकडे माझ्याच टेबलावर आले होते. कुलपाचं मला माहीत होतं, साहेबांना सांगता आलं असतं. पण माझं कंत्राट त्याच महिन्यात संपत होतं. गप्प बसले, आणि तुझं नाव शेवटच्या ओळीत मीच टाइप केलं.