दुसरे पाकीट

प्रिय यशराज,

तुरुंगात पत्रे आधी उघडून वाचतात म्हणे. वाचू देत. माझ्या पत्रात खाडाखोड सापडायची नाही.

आईसाहेब बऱ्या आहेत. पाणीगेटला माझ्याकडेच आहेत. रोज सकाळी चहा पुढे ठेवला की एकच विचारतात, "समर, कोर्टात सांगायलाच हवं का रे? घरातली गोष्ट. मी नाही का सोसलं?" सोसले, मला ठाऊक आहे. आबासाहेब कमरेचा पट्टा काढायचे तेव्हा आपण दोघे कोठीच्या दाराआड असायचो. तू कान दाबून घ्यायचास, मी मोजायचो. सर्वांत जास्त एकोणीस. बारावी नापास माणूस गणित कुठे शिकला, असे लोक विचारतात. मी म्हणतो, घरीच.

तुझी बायको, मृदुला, परवा दवाखान्यातून सुटली. जबडा तारेने बांधला आहे, भुवईवरचे आठ टाके काढले. पेज नळीने घेते. डाव्या कानाने आता ऐकू येणार नाही. बोलता येत नाही, म्हणून वहीत लिहिते.

माझ्या कामाची तू चेष्टा करायचास. "मोटाभाई, एड्सच्या डब्यांचा हिशेब जुळला का?" म्हणायचास. तुला कधी नीट सांगितले नाही, ते आज सांगतो. सयाजीगंजच्या आमच्या संस्थेकडे एचआयव्ही तपासणीच्या चार हजार कीट आल्या. घरच्या घरी हिरड्यांवरून काडी फिरवायची आणि वीस मिनिटे थांबायचे. एक रेघ आली तर लागण दिसत नाही. दोन आल्या तर केंद्रात जाऊन पक्की तपासणी. शहर मोठे, कीट थोड्या. कुठे किती ठेवल्या म्हणजे लागण झालेली पण स्वतःला ठाऊक नसलेली जास्तीत जास्त माणसे सापडतील, ते सांगणारे गणिती मॉडेल मी रचले. अलकापुरीच्या कचेरीतल्या पदवीवाल्यांना दोन महिन्यांत जमले नाही, मी एकोणतीस दिवसांत बसवले. उत्तर असे आले की पुरुष स्वतः येत नाहीत, म्हणून बाईच्या हाती कीटची दोन पाकिटे द्यावीत, एक तिचे, एक नवऱ्याचे. दहांतले चार नवरे तपासून घेतात, सहा बाजूला ठेवून देतात. चार आणि सहा दहा. बेरीज चोख आली म्हणून मी खूश.

आमची स्नेहलता वस्तीत घरोघर फिरते. ती म्हणाली, "समरभाऊ, तुमच्या गणितातले नवरे फारच गरीब हो! एखादा हात उगारणारा पण घाला की." मी सगळ्यांसमोर तिला म्हणालो, "ताई, आकडा असेल तर द्या, रडगाणं नको." पाकिटांवर क्रमांक मी स्वतः लिहिले. तुमच्या गल्लीच्या तोंडावरच्या ब्युटी पार्लरमध्ये साठ जोड्या ठेवल्या.

त्या रविवारी अकरा चाळीसला तुझ्या शेजारच्या निरुपमाकाकूंचा फोन आला. चार मिनिटांत मी पोचलो आणि खांद्याने दार तोडले. मृदुला ओट्याखाली पडली होती. तिचे केस तुझ्या डाव्या मुठीत होते, उजव्या हातात खलबत्त्याचा लोखंडी बत्ता. फरशीवर दोन दात होते. तू ओरडत होतास, "दुसरं कुणासाठी आणलंस? कोण आहे तो?" आणि ती तोंडातल्या रक्तातून सांगत होती, "तुमच्यासाठी. अहो, तुमच्याचसाठी." त्यावर तू म्हणालास, "म्हणजे मला रोग आहे म्हणतेस?" आणि बत्ता पुन्हा उचललास.

पंचनामा झाला तेव्हा मी तिथेच होतो. हवालदाराने गॅसच्या शेगडीमागून दोन पाकिटे काढली, एक उघडलेले, एक तसेच. क्रमांक ४१७ आणि ४१८. सातच्या पोटात आडवी रेघ होती. तशी रेघ आपल्या घरात मीच काढतो. ही पाकिटे मृदुलाने घेतल्याचे मला तेव्हा कळले. पार्लरमध्ये दोन देतात म्हणून तिने दोन आणली होती, एवढेच. तिने वहीत लिहिले आहे, "त्यांच्यावर संशय नव्हता."

मॉडेलमध्ये आता तिसरा रकाना आहे, हात उगारणाऱ्या नवऱ्यांचा, स्नेहलताने भरलेला. दुसरे पाकीट आधी बाईला, घरी नेलेले चालेल ना, असे विचारूनच देतात. हे मी आज केले. तेव्हा करायला हवे होते.

येत्या मंगळवारी माझी साक्ष आहे. पोलिसांच्या जबाबात मी म्हटले होते, आत शिरताच तुझ्यावर झडप घातली. ते खोटे आहे. दार तुटले आणि मी उंबऱ्यावर थांबलो. पाय हलले नाहीत. मी मोजत होतो, यशराज. एक, दोन. तिसरा तिच्या कानावर बसला, मग मी तुला पाडले. वकील म्हणतात, हे बोलू नका, केस ढिली पडेल. मी बोलणार आहे. तुझे तेवढे तुझ्या नावावर, माझे तीन माझ्या नावावर. तू हे कोर्टात पहिल्यांदा ऐकू नयेस म्हणून हे पत्र. आणखी एक. मृदुलाच्या काडीवर एकच रेघ आली होती. ४१८ मुद्देमालात सीलबंद आहे, ते मला पाठवता येत नाही. तिथल्या डॉक्टरांकडे तपासणी मागून घे. ते पाकीट तुझे होते.

तुझाच दादा,
समरजित